गुरुवारी अडीच, खिंडीत

दातांच्या दवाखान्यात काउंटरमागे बसणाऱ्याला माणसं दोनच प्रकारची दिसतात: ज्यांचं दुखतंय ती, आणि ज्यांचं दुखायचं थांबलंय ती. पहिली कुलूप उघडायच्या आधी पायरीवर हजर असतात, दुसरी फोन उचलत नाहीत. बाईंनी या दोन्हींना एकोणीस वर्षं सांभाळलं होतं. डॉक्टर दात बघायचे, माणसं बघायचं काम बाईंचं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचं एक पान त्यांच्या डोक्यात उघडलेलं असे. कोण पाच मिनिटांपूर्वी येऊन तासभर बसल्याचं सांगतो, कोण ‘मला फक्त विचारायचंय’ म्हणत थेट खुर्चीपर्यंत पोचतो, कुणाची दाढ नेमकी सुट्टीच्या आदल्या दिवशीच ठणकते, सगळी नोंद तिथे.

एवढ्या वर्षांत एकच शास्त्र त्यांना पक्कं उमगलं होतं. माणूस वाट बघायला तयार असतो, त्याला फक्त आपला नंबर कितवा ते ठाऊक पाहिजे. नंबर न मिळालेला माणूस दहाव्या मिनिटाला डॉक्टरांच्या शिक्षणावर घसरतो. नंबर मिळालेला माणूस दोन तास भिंतीवरचं हिरड्यांचं चित्र बघत बसतो, आणि मध्येच कोणी घुसलंच तर आपण होऊन पहारा करतो.

घरी सासरे, नवरा, मुलगी, आणि दीड वर्षापूर्वी ‘चार दिवस’ म्हणून दोन मुलांना घेऊन आलेली नणंद. सात माणसं आणि एक बाथरूम. तिथलाही नंबर बाईच लावायच्या. सासऱ्यांचा शेवटचा, कारण ते एकदा आत गेले की वर्तमानपत्र संपल्याशिवाय बाहेर येत नसत.

म्हणजे दिवसभर माणसं, आणि दवाखान्यातून सुटावं तर घरी पुन्हा माणसं. मधले तीन तास तेवढे बाईंचे. दवाखाना दीडला बंद व्हायचा तो साडेचारला उघडायचा. डॉक्टर घरी जाऊन झोपायचे. बाईंचं घर दोन बसच्या अंतरावर, जाऊन यायचं म्हटलं तर नुसतं जाणंयेणंच व्हायचं. त्या शटर अर्धं खाली ओढायच्या, जेवण उरकायच्या, आणि दोनच्या ठोक्याला काउंटरवर मुलीचा जुना लॅपटॉप उघडून अंतराळात जायच्या.

खेळाचं नाव ‘अथांग’. मुलीनं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुन्यावर तो तसाच राहून गेला होता. त्यात प्रत्येकाला एक जहाज मिळतं. दगडांतून धातू खणायचा, बाजाराच्या ठाण्यावर नेऊन विकायचा, मोठं जहाज घ्यायचं. निम्मे लोक हे करतात. उरलेले निम्मे, हे करणाऱ्यांना लुटतात. जगभरातून हजारो माणसं एकाच वेळी खेळत असतात, आणि जहाज एकदा फुटलं की फुटलं. बंद करून पुन्हा चालू केलं की परत मिळेल, ही सोय नाही.

सुरुवातीला खेळानं नाव विचारलं तेव्हा शटरखालून एक जण वाकून बघत होता. बाई त्याला ‘नंतर या’ म्हणाल्या, आणि तोंडात होतं तेच बोटांनी टाइप झालं. तेव्हापासून अंतराळात त्या ‘नंतरया’.

पहिलं जहाज चार दिवस टिकलं. दुसरं चार महिने. तिसरं घेताना त्यांनी डोकं चालवलं. दवाखान्यात खुर्चीशेजारी एक पिवळा डबा असतो, वापरलेला कापूस आणि हातमोजे टाकायचा. एकोणीस वर्षांत एकाही पेशंटनं त्या डब्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेलं बाईंना आठवत नव्हतं. त्यांनी बाजारातलं सगळ्यात बेढब, चौकोनी, संथ मालवाहू जहाज घेतलं आणि त्याला बरोबर तोच पिवळा रंग दिला. दिमाखदार जहाजं आजूबाजूला धडाधड फुटत होती, आणि पिवळा डबा माल भरून निवांत जात होता. कचऱ्याला कोण हात लावतो? असं करत तीन वर्षं झाली होती. आता डब्याच्या पोटात पाच वर्षं पुरेल एवढं इंधन होतं, चांगली अवजारं होती, आणि बाईंचा जीव होता.

“आई, तो एकट्यानं खेळायचा गेमच नाहीये,” मुलगी म्हणायची. “टोळी लागते. नाहीतर कधी ना कधी संपवतात.”

“टोळी घरी आहे की,” बाई म्हणायच्या.

“मग तिथे एकटी करतेस काय?”

“काही नाही.”

हे उत्तर मुलीला थट्टेचं वाटे. पण ते अगदी खरं होतं. दगडाला यंत्र लावायचं, ते आपलं घरघरत राही, खिडकीत काळोख आणि त्यात बारीक उजेड. कुणी ‘अगं’ म्हणत नाही, कुणी ‘मॅडम’ म्हणत नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, “दुपारी करतेस तरी काय इतके तास?” बाई म्हणाल्या, “मालवाहतूक.” त्यानं मान डोलावली. लग्नाला तेवीस वर्षं झालेला माणूस होता, पुढचा प्रश्न कुठे विचारू नये हे त्याला कळत होतं.

‘अथांग’मध्ये बाजाराकडे जाणारी वाट एका अरुंद खिंडीतून जाते. दोन्ही बाजूंना दगडांचे ढीग, मधून जेमतेम वाट. लुटारूंना याहून बरी जागा कुठली? तीन टोळ्या तिथे मुक्काम ठोकून असायच्या. ‘काळी कवटी’, ‘उपाशी लांडगे’ आणि ‘सभ्य माणसं’. तिघांत सगळ्यात वाईट कोण हे नावांवरून ओळखायला सोपं होतं: ‘सभ्य माणसं’.

एका मंगळवारी बाई खिंडीत सापडल्या. नवा आलेला कुणी लुटारू असावा, त्यानं कचऱ्याच्या डब्याला तोफ लावली. त्याच्या मागोमाग अख्खी कवटी आली आणि दुसऱ्या बाजूनं लांडगे.

“डबा आमचा,” कवटीच्या म्होरक्यानं लिहिलं. या खेळात बोलणं लिहून चालतं.

“आधी आम्ही बघितला,” लांडग्यांचा म्होरक्या.

तोफा दोन्हीकडून रोखलेल्या, आणि मधोमध बाई. भांडण पेटलं की पहिला भुगा कुणाचा होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाईंच्या हातांना डोक्याची वाट बघायची सवय नव्हती. त्यांनी टाइप केलं, “एकेकानं बोला. आधी कोण आलं?”



“आम्ही,” कवटीवाला म्हणाला. “सव्वादोनपासून उभे आहोत.”

“मग तुमचा नंबर एक. लांडगे, तुमचा दोन. कवटी, तुमचं काम किती वेळाचं आहे?”

“कसलं काम?”

“लुटायचं.”

“वीसेक मिनिटं लागतात.”

“ठीक आहे. लांडगे, तुम्ही तीनला या. तोवर कडेला थांबा, वाटेत उभं राहिलं की सगळ्यांचीच अडचण होते.”

लांडगे कडेला झाले. त्यांनाही त्याचं नवल वाटलं असावं, पण झाले खरे. बाईंचं ‘तुम्ही’ असंच होतं. त्यात आदर किती आणि दटावणी किती हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नसे, आणि तो ठरवत बसे तोवर काम झालेलं असे.

“आणि तुझं काय?” कवटीवाल्यानं विचारलं.

“माझं काय? मी काउंटरवर आहे,” असं लिहून बाईंनी डबा हळूच बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता लॅपटॉप उघडला तर लांडग्यांचा निरोप: “उद्या तीनचा नंबर मिळेल का?”

झालं. जे घरी, जे दवाखान्यात, तेच अंतराळात सुरू झालं. बाईंनी एक डायरी केली. कवटी सोमवार-बुधवार, लांडगे मंगळवार-शुक्रवार, सभ्य माणसं उरलेल्या दिवशी. नवीन आलेल्या किरकोळ लुटारूंना अर्धा तास, तोही रद्द झालेल्या नंबरात. लुटारूंची आपसातली मारामारी थांबली. आणि गंमत म्हणजे, लुटून घेणाऱ्यांचीही सोय झाली. आज खिंडीत कोण आहे हे आधी कळायला लागलं. कवटी निम्मा माल घेते, लांडगे जे हाताला लागेल ते, सभ्य माणसं मालही घेतात आणि वर उपदेश करतात. शहाणे व्यापारी कवटीचा दिवस बघून निघायचे. पिवळ्या डब्याला कुणी धक्का लावायचा नाही, हा नियम बाईंनी लिहिला तो नंतर, तिघांनी तो आधीच आपणहून पाळला होता. डबा फुटला तर डायरी कोण बघणार?

एकट्यानं तगून राहायचं याहून बरं तंत्र त्या खेळात कुणाला सुचलं नसेल. फक्त त्यात एक खोट होती. बाई तगल्या, पण एकट्या उरल्या नाहीत. दोन वाजता लॅपटॉप उघडावा तर साठ-साठ निरोप. “ताई, बुधवारचं शुक्रवारी करा ना.” “मॅडम, आमच्या आधी कोण आहे?” “मला फक्त विचारायचंय.” दगड खणायचं यंत्र दोन महिने जागेवर पडून होतं. दुपारचे तीन तासही काउंटरचे झाले.

खिंडीतून बाजाराकडे जाणारी एक वाट होती, तशी उलट दिशेनं जाणारी दुसरीही होती. खिंडीच्या त्या टोकाला एक काळा पट्टा होता. तिथे बाजार नाही, ठाणं नाही, आणि निरोपही पोचत नाहीत. म्हणूनच तिथे कुणी जात नसे. बाईंनी नकाशावर तो पट्टा जितक्या वेळा बघितला तितक्या वेळा जाहिरातीतली नवी घरंही कुणी बघत नसेल. खिंड ओलांडायला डब्याच्या चालीनं अकरा मिनिटं. पण डायरीवालीला तिकडे कोण जाऊ देतंय?

कुणकुण लागलीच. एका सोमवारी कवटीवाल्याचा निरोप आला: “तू आमच्या टोळीत ये. गुरुवारपर्यंत सांग. नाहीतर डबा फोडून टाकू. आम्हाला डायरी नाही तर कुणालाच नाही.” तासाभरात लांडग्यांचाही तसाच. सभ्य माणसांचा सगळ्यात लांब, सुरुवात ‘आदरणीय नंतरयाताई’ अशी, आणि शेवट तोच.

बाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि हिरड्यांच्या चित्राकडे जरा वेळ पाहिलं. एका टोळीत जावं तर उरलेल्या दोन डबा फोडणार. कुठेच जाऊ नये तर तिघं मिळून. तीन वर्षांचा डबा गुरुवारी जाणार हे नक्की, तो कुणाच्या हातून जाणार एवढंच ठरायचं होतं.

मग त्यांना डॉक्टर आठवले. डॉक्टरांना एक खोड होती. ओळखीचा कुणी भेटला की रस्त्यातच वेळ देऊन टाकायचे, सगळ्यांना एकच. तिघं एकाच वेळी हजर, मग ‘माझा नंबर’, ‘नाही, माझा’ असा बाहेर गलका, आणि त्या गलक्यात चौथाच कुणीतरी आत जाऊन दाढ भरून यायचा. बाईंनी त्यावरून डॉक्टरांना कितीदा सुनावलं होतं. आता त्यांनी तिन्ही टोळ्यांना एकच वेळ दिली: गुरुवार, अडीच. तिघं खिंडीच्या तोंडाशी भेटतील, जुंपेल, आणि त्या धुरळ्यात पिवळा डबा हळूच खिंडीत शिरेल.

निरोप धाडायची बाईंची पद्धत ठरलेली होती. पेशंटना पाठवायच्या सूचना लॅपटॉपवर एका फायलीत तयार असत, नंबर घालून. एक: दात साफ करण्यासाठी. दोन: कवळीचं माप. तीन: लहान मुलं. चार: दाढ काढणे. वेळ आणि सूचनेचा आकडा डायरीत लिहिला की झालं, बुधवारी दुपारी बसून सगळ्यांना धाडून द्यायच्या. खिंडीसाठीही त्यांनी तशीच दुसरी फाइल केली होती. तिच्यातही चार नंबर होता: ‘एकाहून जास्त टोळ्या एका वेळी आल्यास.’

त्या बुधवारी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघड्या होत्या. शटरबाहेर एक बाई गालाला रुमाल बांधून उभी होती, आणि घरून नणंदेचा फोन चालू होता, “वहिनी, गॅसचा माणूस आलाय, त्याला काय सांगू?” बाईंनी रुमालवालीला ‘साडेचार’ असं खुणेनं सांगितलं, नणंदेला गॅसचा कागद कुठल्या खणात आहे ते सांगितलं, आणि चार नंबर उचलून चिकटवला. मग दुसरा चार नंबर उचलून चिकटवला.

गुरुवारी अडीचला पाच मिनिटं कमी असताना पिवळा डबा खिंडीच्या तोंडाशी उभा होता. समोरून कवटीची पाच जहाजं आली. डावीकडून लांडगे, उजवीकडून सभ्य माणसं. बाईंनी इंजिन तयार ठेवलं आणि पहिल्या गोळीची वाट बघू लागल्या.

गोळी काही सुटेना.

एक मिनिट गेलं, दोन गेली. पंधरा जहाजं नुसती उभी. कुणी कुणाला शिवी देईना. शेवटी कवटीवाल्यानं लिहिलं, आणि आज पहिल्यांदाच तो ‘अहोजाहो’वर आला होता: “अहो ताई, आम्ही आलोय. जेवून आलोय.”

“आम्ही पण जेवलोय,” सभ्य माणसं. “पाचही जण.”

“एक्स-रे म्हणजे जहाजाच्या आतला नकाशा ना?” लांडगेवाल्यानं विचारलं. “जुना होता तो आणलाय. आणि घरचं मोठं माणूस म्हणून काकांना शेजारी बसवलंय. चालेल का? ते खेळत नाहीत, नुसते बघतायत.”

 बाईंनी आदल्या दिवशी धाडलेला निरोप उघडून वाचला:

‘पोटभर जेवून या. जुना एक्स-रे सोबत आणा. घरचं एक मोठं माणूस बरोबर असू द्या. डॉक्टर स्वतः काढतील. घाबरू नका, तुम्हाला कळणारही नाही. रक्त आलंच तर दाबून धरा, थुंकू नका. नाव पुकारल्याशिवाय जागेवरून उठू नका.’

एकोणीस वर्षांत पहिली चूक, आणि ती लुटारूंच्या तीन टोळ्यांच्या बाबतीत. ठरवलेलं सगळं मुसळ केरात. आता भांडण होणार नव्हतं, धुरळा उडणार नव्हता, आणि पंधरा तोफांसमोर डबा उघड्यावर होता.

“एक विचारू का?” कवटीवाल्यानं लिहिलं. “डॉक्टर कोण?”



“आम्ही सगळीकडे चौकशी केली,” सभ्य माणसांचा म्होरक्या म्हणाला. “डॉक्टर नावाचा कुणी कुणालाच माहीत नाही. म्हणजे मोठाच माणूस असणार. ताई, तुम्ही त्यांच्याकडे आहात हे आधी सांगितलं असतंत तर आम्ही तसा निरोप धाडला नसता.”

“काढतील म्हणजे नक्की काय काढतील?” हे लांडग्यांचे काका असावेत.

आता बाईंना समोर पंधरा जहाजं दिसेनाशी झाली. बाकावर बसलेली पंधरा माणसं दिसू लागली. जेवून आलेली, हातात जुना एक्स-रे, आणि आतून करकर आवाज आला की दाराकडे बघणारी. अशांचं काय करायचं हे बाईंना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

“बसा,” त्यांनी लिहिलं. “इंजिनं बंद करा, डॉक्टरांना आवाज चालत नाही.”

पंधरा इंजिनं विझली.

“ते कधी येतील?” कवटीवाला.

“निघालेत. मी आत जाऊन तयारी बघते. नाव पुकारेपर्यंत कुणी उठायचं नाही.”

“आमचा नंबर कितवा?”

“तुमच्या आधी एकच आहे,” बाईंनी लिहिलं. मग लांडग्यांना वेगळं लिहिलं, “तुमच्या आधी एकच आहे.” सभ्य माणसांनाही तेच. खोटं बोलल्याचं त्यांना काही वाटलं नाही. हे वाक्य दिवसातून तीस वेळा बोलताना कधी वाटलं नव्हतं, तर आता कशाला?

डबा खिंडीत शिरला. अकरा मिनिटं. पहिली चार निवांत गेली. दोन्हीकडून दगडांचे ढीग सरकत होते आणि डबा आपल्या बैलगाडीच्या चालीनं चालला होता. मागे पंधरा जहाजं काळोखात गप्प.

सातव्या मिनिटाला मागे एक दिवा लागला. सभ्य माणसांतलं एक जहाज इंजिन सुरू करून खिंडीत शिरलं. चपळ जहाज होतं, डब्याच्या चौपट वेगाचं, आणि तोफ उघडी.

“मला फक्त विचारायचंय,” त्यानं लिहिलं.

 एकोणीस वर्षांत या वाक्यापुढे बाईंचं काही चाललं नव्हतं. नंबर असो नसो, ‘फक्त विचारायचंय’वाला आत पोचायचाच. हा आणखी पुढे आला की खिंडीचं पलीकडचं तोंड त्याला दिसणार, आणि तिथे कसली तयारी नाही, कुणी डॉक्टर नाही, पळून चाललेला एक डबा तेवढा आहे हेही दिसणार.  यंत्राचा वेग आधीच शेवटापर्यंत ओढलेला होता, तो त्यांनी पुन्हा एकदा ओढून बघितला.

तेवढ्यात मागून कवटीवाल्यानं लिहिलं, “ओ. कुठे चाललात?”

“फक्त विचारायला.”

“मग आम्ही काय इथे शोभेला बसलोय?” लांडगेवाला. “नंबर लावलाय ना? नाव पुकारल्यावर उठायचं, वाचलं नाही का?”

“दोन मिनिटांचं काम आहे हो.”

“सगळ्यांचंच दोन मिनिटांचं असतं,” काका म्हणाले. काका खेळत नव्हते, पण त्यांनी आयुष्यात बरेच दवाखाने पाहिले असणार.

कवटीची दोन जहाजं उठली, लांडग्यांचं एक उठलं, आणि तिघांनी मिळून त्या चपळ जहाजाला खिंडीतच अडवलं. त्याच्याच टोळीचा म्होरक्या त्याला म्हणाला, “या मागे. आपल्या अशा वागण्यानंच आपलं नाव खराब होतं.” तो मागे गेला. पाठोपाठ तिघंही आपापल्या जागी जाऊन बसले आणि इंजिनं विझली.

नववं मिनिट. दहावं. खिंडीचे दगड विरळ झाले. पडद्याच्या कोपऱ्यात निरोपांची खूण लुकलुकत होती, ती मंद व्हायला लागली. शेवटचा निरोप कवटीवाल्याचा होता: “बाई, अजून किती वेळ?”

बाईंची बोटं सवयीनं उत्तर द्यायला निघाली होती. त्यांनी ती उचलून मांडीवर ठेवली. खूण विझली. समोर काळा पट्टा होता, त्यात लांबवर एक मोठा, कुणी न खणलेला दगड, आणि एकही जहाज नाही. बाईंनी यंत्र लावलं. ते दोन महिन्यांनी घरघरलं. सव्वाचारपर्यंत त्या नुसत्या बसून राहिल्या.

साडेचारला शटर वर गेलं आणि पाच वाजता हेडमास्तर आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण अजून कुणी वाकडं बसलेलं दिसलं की त्यांचा हात खडूकडे जायचा. त्यांची उजवीकडची दाढ काढायची होती. ते काउंटरसमोर ताठ उभे राहिले आणि खिशातून चष्मा काढून मोबाइलवर वाचू लागले.

“‘गुरुवार, पाच वाजता. पाचापेक्षा जास्त जहाजं आणू नयेत. तोफा भरलेल्या चालतील. आधी कोण आलं यावरून वाद झाल्यास आपसात मिटवावा. पिवळ्या डब्याला धक्का लागता कामा नये, लागल्यास नंबर कायमचा रद्द.’” त्यांनी चष्मा उतरवला. “बाई, जहाजाची काही सोय झाली नाही. मी बसनं आलो.”

बाकावरच्या दोघांनी माना वर केल्या. बाईंचे कान तापले. “सर, ते चुकून...”

“वाद म्हणाल तर माझ्याआधी हे दोघं आलेत, मला मान्य आहे.”

“जेवलात का सर?” बाईंनी विषय बदलला.

“त्यात तसं काही लिहिलं नव्हतं.”

मग बाईंनीच आपल्या खणातली बिस्किटं काढून त्यांना खायला लावली आणि त्यांचा नंबर शेवटी ढकलला. हेडमास्तरांनी तक्रार केली नाही. नंबर कितवा ते त्यांना ठाऊक होतं.

पावणेसातला ते आत गेले. जरा वेळानं आतून डॉक्टरांचा आवाज आला, “बाई, इकडे या जरा. हे कापूस टाकत नाहीयेत.”

बाई दारात गेल्या. दाढ निघाली होती. हेडमास्तर खुर्चीत सरळ बसले होते, गाल सुजलेला, मुठीत रक्ताचा बोळा गच्च धरलेला. डॉक्टर पायानं पिवळा डबा त्यांच्याकडे सरकवत होते, आणि डबा जसा जवळ येई तसे हेडमास्तर आपले पाय वर घेत होते.

“टाका ना यात,” डॉक्टर म्हणाले.

हेडमास्तरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मोकळ्या हातानं खिशातला मोबाइल काढला, ती ओळ शोधली, बोट ठेवून डॉक्टरांना दाखवली, आणि मग त्याच बोटानं बाईंकडे दाखवलं.

डॉक्टरांनी ओळ वाचली. डब्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. “हा कधी केला नियम?”

“दोन महिने झाले,” बाई म्हणाल्या. त्यांनी वाकून डबा उचलला, हेडमास्तरांच्या मुठीतला बोळा आपल्या हातानं घेऊन त्यात टाकला, आणि डबा पुन्हा भिंतीशी, कुणाच्या वाटेत येणार नाही असा, नीट ठेवून दिला.